ग्लॅडिओलसचे कंद: कुंडीत लावण्यापासून परत फ्रिजमध्ये जाईपर्यंत

दर डिसेंबरला मला एक ठरलेला फोन येतो. "अगं, तू दिलेल्या कंदांना पहिल्या वर्षी काय सुंदर फुलं आली होती, यंदा नुसती पातच येतेय, कंद खराब झाले का गं?" मी उलट एकच विचारते, मागच्या वर्षी फुलं काढल्यावर कुंडीला पाणी चालू ठेवलं होतंस का? उत्तर बहुतेक वेळा तेच असतं, नाही, फुलं संपली म्हणून कुंडी जिन्याखाली सरकवली. तर हा लेख खरं म्हणजे त्या जिन्याखाली गेलेल्या कुंडीसाठी आहे, पण अगदी पहिल्यापासून सांगते म्हणजे नवीन लावणाऱ्यांनाही उपयोग होईल.

मी पुण्यात राहते, तिसऱ्या मजल्यावर छोटं टेरेस आहे, सगळं कुंड्या आणि ग्रोबॅगमध्ये. ग्लॅडिओलस पहिल्यांदा नीट बघितला तो एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात, माणसाच्या छातीएवढे दांडे आणि खालपासून वरपर्यंत एका बाजूला ओळीने फुलं. त्याच दिवशी हौसेने दहा कंद घेऊन आले आणि जानेवारी संपता संपता लावले. मार्चच्या उन्हात जे काय उगवलं त्याला फूल म्हणायची लाज वाटावी. तिथून शिकत शिकत आता गाडी बरी चाललीय.

आधी कंद म्हणजे नक्की काय ते बघा

आपण मराठीत जमिनीखालच्या सगळ्यालाच कंद म्हणतो त्यामुळे गोंधळ होतो. कांदा आडवा कापला की पापुद्र्यावर पापुद्रे दिसतात, लिलीचं तसंच असतं. अळकुडी कापली तर आत पापुद्रे नाहीत, सलग पांढरा गर. ग्लॅडिओलसचा कंद हा अळकुडीच्या जातीतला, म्हणजे फुगलेलं खोडच ते, वरून तपकिरी जाळीदार सालं गुंडाळलेलं. सुरण आणि केशराचा कंदही याच प्रकारातले.

आता यातली मुख्य गोष्ट. ग्लॅडिओलसचा कंद एका सीझनपुरताच असतो. तुम्ही जो लावता तो पातीला आणि दांड्याला आपलं सगळं देऊन आटून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवीन कंद तयार होतो. सीझनच्या शेवटी उपटून बघितलंत तर वर गुबगुबीत नवा कंद आणि त्याच्या बुडाला चिकटलेली जुन्याची सुरकुतलेली चकती, असं दिसतं. म्हणजे "माझ्याकडे पाच वर्षं तोच कंद आहे" असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही, तो त्याचा पणतू वगैरे असतो. आणि हा नवा कंद भरतो कधी, तर मुख्यतः फुलं येऊन गेल्यावरच्या दीड-दोन महिन्यांत, हिरव्या पानांच्या जिवावर. तेव्हा पानं कापली किंवा पाणी तोडलं की पुढच्या वर्षीचं फूल तिथेच गेलं.

कंद घेताना

मोठा दिसतो म्हणून चांगला असं नसतं. व्यास साधारण दीड ते दोन इंच असावा, चार-पाच सेंटीमीटर म्हणा, पण त्याबरोबर उंचीही बघायची. मधे फुगीर, पेढ्यासारखा दिसणारा कंद घ्यायचा. रुंद पण चपटा, बशीसारखा बसलेला कंद बहुतेक वेळा बऱ्याच पिढ्या होऊन थकलेल्या वाणाचा असतो, त्याच्यापेक्षा थोडा लहान पण उंच कंद जास्त चांगला दांडा देतो. अंगठ्याने दाबून बघा, टणक लागला पाहिजे. मऊ लागला, हलका लागला, किंवा साल किंचित सरकवल्यावर खाली तपकिरी खोलगट डाग दिसले तर तो परत ठेवा. वर एक-दोन टोकदार डोळे असतात आणि बुडाला गोल वण असतो, त्या वणाच्या कडेने बारीक बारीक टेंगळं दिसायला लागली असतील तर उत्तम, ती मुळं आहेत, कंद जागा झालाय.

ऑनलाइन घेताना फार जपून. मी एकदा "मिक्स कलर, २५ नग" असं बघून मागवले, पार्सल उघडलं तर सुपारीएवढे कंद. सुपारीएवढा कंद उगवतो, पात देतो, फूल बहुतेक देत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणे मॅडम, जर्मिनेशनची गॅरंटी आहे, फुलाची नाही. आता मागवायच्या आधी साइज सेंटीमीटरमध्ये विचारते, उत्तर आलं नाही तर घेत नाही.

जातींचं म्हणाल तर बाजारात अमेरिकन ब्युटी, व्हाइट प्रॉस्पेरिटी, नोव्हा लक्स, पीटर पिअर्स ही नावं सारखी ऐकू येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस, फुले नीलरेखा या जाती आहेत, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या आरती, पूनम, सपना, मीरा वगैरे आहेत. घरच्यासाठी पहिल्या वर्षी कुठलीही एकच जात जास्त घ्या असं मी सांगेन, मिक्समध्ये प्रत्येकाला फूल वेगळ्या आठवड्यात येतं आणि आपलं काय चुकलं, काय जातीचंच तसं आहे हे कळत नाही.

लावायचं कधी

पुणे, नाशिक, सातारा, नगर या पट्ट्यात सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर मध्यापर्यंत. या झाडाला दिवसा ऊन भरपूर पाहिजे, कमीत कमी सहा तास, पण हवा गरम नको. दिवसा पंचवीसच्या आसपास आणि रात्री पंधरा असं असलं की तो खूश. म्हणून आपली थंडी त्याला बरोबर मानवते. कोकणात आणि मुंबईत पाऊस पूर्ण थांबून हवा जरा कोरडी झाली की मग लावा, म्हणजे नोव्हेंबर धरा. विदर्भात ऑक्टोबरचं ऊन उतरलं की.

कंद लावल्यापासून फुलापर्यंत लवकर येणाऱ्या जातीला साठ-पासष्ट दिवस, मध्यम जातीला ऐंशी-नव्वद, उशिराच्या जातीला शंभरच्या वर. त्यामुळे कुणाचं लग्न, वास्तुशांत असेल तर कॅलेंडरवर उलटं मोजत यायचं. नाताळच्या आठवड्यात फुलं हवीत तर सप्टेंबरच्या शेवटी मध्यम जात लावायची. दिवाळीत हवी असली तर जुलै-ऑगस्टमध्ये लावायला लागतो आणि तिथे पावसाने कंद कुजायची भीती, टेरेसवर पत्रा किंवा प्लास्टिकची शेड असेल तरच त्या भानगडीत पडा.

सगळे कंद एका दिवशी लावू नका. प्रत्येक कंद एकदाच फुलतो. पंधरा दिवसांच्या अंतराने आठ-आठ, दहा-दहा लावले तर महिना-दीड महिना घरात फूल राहतं. नाहीतर एका आठवड्यात सगळं फुलून मोकळं, शेजारीपाजारी वाटत सुटायचं.

माती आणि कुंडी

कुंडी खोल पाहिजे, बारा इंच तरी. बारा इंची कुंडीत चार, फार तर पाच कंद. ग्रोबॅग असेल तर कंदाकंदात सहा इंच अंतर. जमिनीत लावत असाल तर दोन ओळींत फूटभर आणि ओळीत सहा इंच.

माती पाण्याचा निचरा करणारी हवी हे तर सगळेच सांगतात, पण पुण्यातली काळी चिकट माती नुसती भरलीत तर कंद कुजणार हे मी स्वतःच्या पैशाने शिकलेय. माझं मिक्स असं, साधारण दोन घमेली पोयटा किंवा लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धं घमेलं जाड वाळू, अर्धं कोकोपीट. त्यात कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड आणि एक मूठ बोनमील. शेणखत अर्धवट कुजलेलं असलं तर हुमणी येते, कंद पोखरते, तेव्हा खात्रीचं नसेल तर गांडूळखतच घ्या. आणि मागच्या वर्षी ज्या मातीत ग्लॅडिओलस होता ती माती यंदा त्यालाच नको, तिच्यात मेथी-कोथिंबीर लावा, त्याला नवीन माती द्या. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते म्हणून हे सांगतेय.

लावणी

लावायच्या आदल्या दिवशी कंदावरचं बाहेरचं तपकिरी साल हलक्या हाताने काढून टाकते. काहीजण काढत नाहीत, चालतं, पण साल काढलं की आतला डाग, कूज, पिठ्या ढेकूण सगळं उघडं पडतं. डाग असलेला कंद बाजूला, उगाच मोह नको. बाकीचे कंद बाविस्टिन या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचे, लिटरला दोन ग्रॅम, हातात ग्लोव्हज घालून, आणि ती बादली परत घरात वापरायची नाही. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पावडरच्या पातळ काल्यात घोळवा, पण दोन्ही एकत्र करू नका, बाविस्टिन ट्रायकोडर्माला मारतं. मग सावलीत तासभर सुकवून लावायचे.

खोली दोन-तीन इंच, मोठा कंद असेल तर चार इंच. वरवर लावला की झाड पुढे दांड्याच्या वजनाने आडवं पडतं. डोळा वर, वण खाली. उलटा लागला तरी तो वळून वर येतो, मरत नाही, पण ताकद फुकट जाते. माझी एक युक्ती, कुंडी आधी दोन-तृतीयांशच भरायची, कंद ठेवून वर तीन इंच माती टाकायची, वरची जागा मोकळी ठेवायची, ती पुढे भर द्यायला कामी येते.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी आणि मग कोंब वर येईपर्यंत हात आवरायचा. या दहा-पंधरा दिवसांत रोज पाणी घातलं म्हणूनच निम्मे कंद जातात. बोट घालून बघा, दोन इंच खाली ओल असेल तर पाणी नको.

तिसरं पान

कोंब सुरीच्या पात्यासारखा चपटा वर येतो. लॅटिनमध्ये ग्लॅडिअस म्हणजे तलवार, नाव त्या पानांवरूनच पडलंय. एका कंदातून दोन-तीन कोंब आले तर प्रदर्शनासाठी एकच ठेवतात, मी दोन ठेवते कारण प्रत्येक कोंबाखाली एक नवा कंद तयार होतो.

आता पानं मोजायला लागा, खरंच मोजा. तिसरं पान पूर्ण बाहेर आलं की आत, तुम्हाला न दिसता, फुलाचा दांडा तयार व्हायला सुरुवात झालेली असते. इथपासून सहाव्या-सातव्या पानापर्यंत पाण्याची ओढ बसली तर दांडा आखूड होतो, फुलं कमी लागतात, कधी दांडा येतच नाही. एका वर्षी मी नेमकी याच वेळी दिवाळीला आठ दिवस गावी गेले, सोसायटीच्या वॉचमनला पाणी घालायला सांगितलं होतं, त्याने गुलाबाला घातलं आणि ही पाती गवत समजून सोडून दिली. नेहमी चौदा-पंधरा फुलं देणाऱ्या जातीने त्या वर्षी सहा-सात फुलांचे वीतभर दांडे दिले. पानं मात्र हिरवीगार होती, वरून काही कळत नव्हतं.

खतही याच हिशोबाने. तिसऱ्या पानाला पहिला डोस, सहाव्याला दुसरा. मी एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम घेऊन कुंडीला अर्धा-पाऊण लिटर घालते. नुसता युरिया देऊ नका, पात माजते आणि दांडा रुसतो. दुसऱ्या डोसच्या वेळी कुंडीत वर सोडलेली जागा माती आणि गांडूळखताने भरून टाकायची, म्हणजे भर लागली. त्याच वेळी काठी लावा. काठी कंदापासून तीन इंच लांब रोवायची, नाहीतर माझ्यासारखी कंदातूनच आरपार जायची. सुतळीने आठच्या आकड्यात सैल बांधायचं.

मग एक दिवस पानांच्या बेचक्यात खाली फुगवटा दिसतो. ज्वारी पोटरीला येते ना, अगदी तसं. हाताने दाबून बघितलं की आत काहीतरी भरीव लागतं. मला फुलापेक्षा हा दिवस जास्त आवडतो. यानंतर आठ-दहा दिवसांत दांडा बाहेर.

पात भरपूर, दांडा नाही, असं झालं तर कारणं थोडीच आहेत, कंद लहान होता, ऊन कमी पडलं, नायट्रोजन जास्त झालं किंवा तिसऱ्या-चौथ्या पानाला पाणी तुटलं. बाल्कनी उत्तरेकडे असेल तर या झाडाच्या नादी लागू नका.

कीड आणि रोग

सगळ्यात त्रास फुलकिड्यांचा, नर्सरीवाले थ्रिप्स म्हणतात. पानावर चांदीसारखे चरे दिसायला लागले की समजायचं. किडे इतके बारीक की झाडावर सहज दिसत नाहीत, पांढऱ्या कागदावर कळी झटका, शेवयाच्या तुकड्यांसारखे बारीक काळपट-पिवळे जीव पळताना दिसतील. कळीत शिरले तर कळी उमलतच नाही, कडेने जळल्यासारखी होते. पाचव्या पानापासूनच दर दहा दिवसांनी कडुलिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, त्यात चार थेंब भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी फवारायचं आणि पानांच्या बेचक्यात घालायचं. निळे चिकट सापळे लावा, स्वस्तात काम होतं. दांडा दिसायला लागल्यावर कीड आली तर खरं म्हणजे उशीरच झालेला असतो.

फेब्रुवारीकडे ऊन तापलं की लाल कोळी येतो, पानं धुळकट पिवळी दिसतात, मागून बारीक जाळं असतं. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला तर बराच आटोक्यात येतो.

मर रोग मात्र दुष्ट. एखादंच झाड शेंड्याकडून पिवळं पडतं, पानं वाकडी होतात, उपटून कंद कापला तर आत तपकिरी डाग. याला औषध नाही. झाड, कंद, त्या कुंडीतली माती, सगळं बाहेर, कंपोस्टमध्येसुद्धा टाकायचं नाही. मी एका वर्षी एक पिवळं झाड "बघू, सुधारेल" म्हणत ठेवलं, त्या ग्रोबॅगमधले नऊच्या नऊ कंद गेले.

घरात कुत्रं-मांजर असेल तर कंद त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका, उलट्या-जुलाब होतात. उंदीर-घुशींना मात्र ते चांगलेच पचतात, उकरून खातात, गच्चीवर त्रास असेल तर कुंडीवर बारीक जाळी घाला.

फूल काढणं

खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की सकाळी लवकर दांडा कापायचा. बाकीच्या फुलदाणीत उमलतात. धारदार चाकूने, तिरका काप, आणि कापताना झाडावर कमीत कमी चार पानं राहिली पाहिजेत. लांब दांडा हवा म्हणून लोक पार बुडापासून कापतात, फ्लॉवरपॉटमध्ये छान दिसतो पण खाली कंद उपाशी राहतो. मी पहिल्या दोन वर्षी हेच केलं आणि मार्चमध्ये मातीतून जे निघालं ते लिंबाएवढंसुद्धा नव्हतं.

दांडे उभेच ठेवायचे, लगेच पाण्यात. एकदा मी बहिणीकडे नेताना गाडीच्या मागच्या सीटवर आडवे टाकले, कोथरूडहून चिंचवडला जाईपर्यंत काही जाणवलं नाही, पण तिथे तिने ते तसेच टेबलावर ठेवले आणि संध्याकाळी बघतो तर प्रत्येक दांड्याचा शेंडा नागाने फणा काढल्यासारखा वर वळलेला. नंतर उभे केले तरी तो बाक जात नाही.

फुलदाणीत रोज खालून अर्धा इंच कापायचं आणि पाणी बदलायचं. लिटरला दोन मोठे चमचे साखर आणि थोडं लिंबू पिळलं तर वरच्या कळ्या जास्त उमलतात. पाणी मात्र रोज बदलायलाच हवं, नाहीतर साखरेने बुळबुळीत होतं. पाण्यातलं फ्लोराइड या फुलाला सोसत नाही, पाकळ्यांच्या कडा जळतात, तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर आरओ फिल्टरचं घ्या. खालची सुकलेली फुलं चिमटीने काढत गेलात तर आठवडाभर आरामात टिकतात.

आता ती जिन्याखालची कुंडी

दांडा कापला, किंवा झाडावरच फुलू दिला आणि सुकल्यावर नुसता दांडा काढला, तरी कुंडी हलवायची नाही. ऊन तेच, पाणी तेच. पुढचे सहा ते आठ आठवडे हे झाड तुम्हाला काहीही देत नाही, दिसायलाही रुक्ष दिसतं, आणि खाली सगळं काम याच वेळी चालू असतं. फुलानंतर आठवड्याने मी झिरो-झिरो-पन्नास हे पोटॅशचं खत लिटरला दोन ग्रॅम असं एकदा आणि पंधरा दिवसांनी परत एकदा देते. पाती हिरवी असेपर्यंत हात लावायचा नाही, वेणी घालायची नाही, गाठ मारायची नाही, कापायची तर नाहीच नाही.

टोकं पिवळी होऊन पिवळेपणा खाली उतरायला लागला की पाणी कमी करत आणा आणि अर्ध्याहून जास्त पात पिवळी झाली की बंद करा. दोन-तीन आठवड्यांनी माती भुसभुशीत कोरडी होते तेव्हा कंद काढायचे. ऑक्टोबरची लावणी असेल तर हे मार्चच्या आसपास येतं. पात धरून ओढू नका, बाजूने खुरपं घालून सगळा गड्डाच उचला किंवा कुंडी कागदावर पालथी करा. पालथी करणं बरं, कारण कंदाच्या बुडाशी मण्यांसारखी बारीक पिल्लं असतात, ती मातीत हरवतात.

पात कंदापासून अर्धा इंच ठेवून कापा. कंद धुवायचे नाहीत, माती झटकायची. मग वर्तमानपत्रावर एका थरात, पंख्याखाली, सावलीत पसरायचे. उन्हात वाळवलेत तर भाजतात. दोन-तीन आठवड्यांनी जुनी चकती अंगठ्याने ढकलली की 'टक' करून निघते. तो आवाज आला की कंद वाळला. ओढून काढावी लागत असेल तर अजून चार दिवस थांबा. चकती काढल्यावर जखम कोरडी हवी, परत एकदा बाविस्टिनमध्ये पंधरा मिनिटं बुडवून पूर्ण वाळवून घेते.

आपल्याकडे ठेवणंच अवघड

नुकत्याच काढलेल्या कंदाला झोप असते, दोन-तीन महिने तो कशानेही उगवत नाही. युरोपातल्या लोकांना थंडीत कंद गोठू नये ही काळजी असते, आपल्याला मे महिन्याची आणि त्यानंतरच्या दमट पावसाची. शेतकरी चार-पाच डिग्रीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात. घरी फ्रिजचा भाजीचा खण चालतो. थंडीने झोपही वेळेवर मोडते आणि फुलकिडेही बरेचसे मरतात.

प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका. मी झिपलॉकमध्ये ठेवले होते, जुलैत उघडलं तर हिरवी-निळी बुरशी आणि वास. आता कागदी पिशवी, आत वर्तमानपत्राचे तुकडे, वर जात आणि काढल्याची तारीख, आणि महिन्यातून एकदा उघडून एकेक कंद दाबून बघायचा, मऊ पडला तो बाहेर. फ्रिजमध्ये जागाच नसेल तर जाळीच्या पिशवीत, पलंगाखाली अंधारात, जमिनीपासून वर. थोडे आटतात, थोडे जातात, पण निम्म्याहून जास्त राहतात असा माझा अनुभव.

आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या सासूबाईंनी एका श्रावणात उपासाला अळकुड्या समजून अकरा कंद सोलून कुकरमध्ये टाकले होते, शिट्टी व्हायच्या आत मी घरी पोचले म्हणून वाचलो. त्या आजही म्हणतात, "फ्रिजात ठेवलंस म्हटल्यावर खायचंच असणार ना!" बरोबरच आहे त्यांचं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कंद फ्रिजमधून काढून ट्रेमध्ये उजेडात, पण उन्हात नाही, असे पसरून ठेवा. दहा-पंधरा दिवसांत डोळा फुगून वर येतो आणि बुडाशी पांढरी टेंगळं दिसतात. ती दिसली की लावा.

पिल्लांचं काय करायचं

एका कंदाखाली दहा-वीस, कधी पन्नाससुद्धा पिल्लं निघतात, मुगाएवढ्यापासून हरभऱ्याएवढी. मोठ्या कंदांबरोबर वेगळ्या पाकिटात ठेवून द्या. यांचं कवच इतकं टणक असतं की तसंच लावलं तर कितीतरी महिने मातीत नुसती पडून राहतात. मी लावायच्या आधी चोवीस तास पाण्यात भिजवते, मधे एकदा पाणी बदलते आणि मोठी असतील त्यांचं कवच नखाने किंचित तडकवते. थर्माकोलच्या खोक्यात दीड इंच खोल, दाट पेरली तरी चालतात, लसणाची पात लावतो तशी.

पहिल्या वर्षी गवतासारखी पात येते, घरचे विचारतात हे काय गवत जपतेयस. सीझनच्या शेवटी बोराएवढा कंद निघतो. दुसऱ्या वर्षी सुपारीपेक्षा मोठा, त्यातला एखादा चार-पाच फुलांचा बारका दांडा टाकतो, तो दिसला की लगेच काढून टाका, म्हणजे जोर खाली राहील. तिसऱ्या वर्षी पूर्ण दांडा. माझ्याकडच्या व्हाइट प्रॉस्पेरिटीच्या सहा कंदांपासून असे बेचाळीस झालेत, त्यातले वीस यंदा लावलेत, बाकी भाजीच्या खणात आहेत, पाकिटावर लाल पेनाने 'खायचे नाहीत' असं लिहून.